उंदराची जात आणि माणसाची

'हे त्यांच्या रक्तातच असते' हे वाक्य परदेशातील मराठी बैठकांत वारंवार कानावर पडते. कधी ते इजिप्शियन फोरमनविषयी असते, कधी बांगलादेशी सफाई कामगाराविषयी, आणि समोर कोण बसले आहे याचा अंदाज नसला तर कधी ते आपल्याविषयीही असते. अलीकडे या वाक्याने नवा पोशाख चढवला आहे. रक्ताच्या जागी आता 'जीन्स' आणि 'हार्मोन्स' हे शब्द येतात. आपल्या माणसांची ओढ आणि परक्यांचा दुरावा ही निसर्गाचीच योजना आहे, ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक ती राबवते, मग जातीजातींनी आपापले राहिले तर त्यात गैर काय, असा युक्तिवाद मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून आपल्या मुलांपर्यंत पोहोचतो. मुलांचे विज्ञान चांगले असते आणि इतिहास कच्चा असतो, त्यामुळे हा युक्तिवाद त्यांना पटकन पटतो. मला येथे एवढेच मांडायचे आहे की ज्या संशोधनाच्या नावावर हा माल विकला जातो, ते संशोधन नेमके त्याच्या विरोधात साक्ष देते. हे संशोधन मुख्यतः उंदरांवरचे आहे, म्हणून थोडा वेळ उंदरांच्या सहवासात घालवावा लागेल.

रक्ताचा दावा तपासून पाहणे ही आपल्याकडे जुनी रीत आहे. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी आपला निबंध वाचला, तेव्हा ते स्वतः घरापासून हजारो मैल दूर असलेले विद्यार्थी होते. जातीचे मर्म त्यांनी वंशात शोधले नाही. ते त्यांनी बेटीबंदीत दाखवले, म्हणजे माणसांनी घातलेल्या एका कुंपणात. पुढे 1948 साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे होते हे मत खोडताना त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली शरीरमापनाची आकडेवारी घेतली, नाकांची मापे शेजारी शेजारी ठेवली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांना वेगवेगळ्या वंशांत टाकता येत नाही हे दाखवून दिले. निष्कर्षाइतकीच ही पद्धत मला मोलाची वाटते. कुणी रक्ताचे नाव काढले की बाबासाहेब मोजपट्टी मागत. नाकाची मोजपट्टी आज कालबाह्य झाली आहे. तिच्या जागी संप्रेरकांची आली आहे, तर ती मागू या.

ऑक्सिटोसिन हे नाव नवे असले तरी त्याचे काम मराठीला फार जुने आहे. वासरू आचळाला लुचू लागले की गाय पान्हावते. तो पान्हा सोडवणारे संप्रेरक हेच. ते मेंदूच्या तळाशी तयार होते, पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येते, आणि प्रसूतीच्या कळा व आईचे दूध ही दोन्ही कामे सांभाळते. दुभत्या म्हशीला त्याचे इंजेक्शन टोचण्याचा गैरप्रकार गावाकडे राहिलेल्या वाचकांनी पाहिला असेल. 1990 च्या सुमारास सू कार्टर, थॉमस इन्सेल, लॅरी यंग आदी अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रेअरी व्होल नावाच्या गवताळ प्रदेशातील उंदरासारख्या प्राण्यावर काम सुरू केले. हा प्राणी जोडीने राहतो, नर पिलांना सांभाळतो, आणि जोडी बहुधा टिकते. त्याचा डोंगराळ भागातला भाऊबंद मात्र असे काही करत नाही. दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी केंद्रे वेगवेगळ्या जागी आहेत, हे दिसून आल्यावर 'प्रेमाचे संप्रेरक' ही उपाधी वृत्तपत्रांनी बहाल केली आणि ती चिकटली.

उपाधी चिकटल्यावर भानगडी सुरू झाल्या. 2011 साली हॉलंडमधील कार्स्टन डी ड्रू आणि सहकाऱ्यांनी डच पुरुषांना ऑक्सिटोसिनचा फवारा नाकातून दिला, आणि स्वतःच्या गटाला झुकते माप देण्याची वृत्ती त्यामुळे वाढते असे नोंदवले. चित्रफितींचा सारा डोलारा या निबंधावर उभा आहे. नाकातल्या फवाऱ्याच्या प्रयोगांत माणसे थोडी होती आणि त्यांतले अनेक निकाल नंतर दुसऱ्यांना तसेच मिळाले नाहीत, ही गोष्ट चित्रफितीत येत नाही. जानेवारी 2023 मध्ये तर देवानंद मनोली, निराव शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तंत्राने ऑक्सिटोसिनची ग्राहीच काढून टाकलेले प्रेअरी व्होल तयार केले, आणि तरीही त्या प्राण्यांनी जोड्या जमवल्या, पिले वाढवली. एका संप्रेरकाच्या खांद्यावर अख्खे प्रेम टाकता येत नाही, हे प्रेमाचे संशोधन करणाऱ्यांनीच सांगून टाकले. पण क्षणभर डच निबंध तंतोतंत खरा मानू. तरी मुख्य प्रश्न उरतोच. संप्रेरक आपल्या माणसाकडे ओढत असेल, पण 'आपला' कोण हे त्याला कोण सांगते? फवाऱ्यात तर नावांची यादी नसते.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात मुंबईत करता येते. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा आहे. भावनांचे आणि मनोविकारांचे मेंदूतील मूळ शोधणे हे त्यांचे काम. 2015 चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि 2022 चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले आहे. थायरॉइड संप्रेरकाचा प्रौढ उंदराच्या मेंदूतील नव्या पेशींवर होणारा परिणाम त्यांच्या चमूने अभ्यासला. पण मला येथे त्यांचे दुसरे काम हवे आहे. जन्मानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास पिले आईपासून दूर ठेवायची, मग त्यांना एरवीसारखे वाढू द्यायचे, आणि मोठेपणी तपासायचे. अशी पिले मोठेपणी अधिक भित्री, अधिक चिंताक्रांत निघतात. मेंदूतील सिरोटोनिनची यंत्रणा या बदलात सामील असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दिसली. तारुण्यात ही जनावरे काही कसोट्यांत इतरांपेक्षा सरस ठरली, जणू सुरुवातीच्या ताणाने ती टणक झाली होती. मध्यमवयात मात्र चित्र उलटले आणि त्यांची स्मरणशक्ती इतरांआधी घसरली. ज्यांनी बालपणी हाल सोसले आणि तरुणपणी सर्वांना मागे टाकले, अशी माणसे आपल्या समाजात घरोघरी आहेत. उंदरावरून त्यांचे भविष्य सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, परंतु 'सोसले म्हणूनच घडलो' या आपल्या आवडत्या वाक्याचा हिशेब कधी मांडायचा, हा प्रश्न त्या अभ्यासाने माझ्यापुढे ठेवला.

आता कुणी म्हणेल, भित्र्या आईची पिले भित्री, यात रक्ताखेरीज काय आहे? याचे उत्तर कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांच्या चमूने 1997 आणि 1999 सालच्या निबंधांत दिले. काही उंदरीण माता पिलांना भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिले मोठी झाल्यावर संकटात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक बेताने सोडतात आणि लवकर शांत होतात. कमी चाटलेल्यांचे तसे होत नाही. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईच्या पोटची पिले जन्मताच भरपूर चाटणाऱ्या आईच्या कुशीत ठेवली. ती वाढवणाऱ्या आईसारखी निघाली, आणि त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आई झाल्यावर आपल्या पिलांना भरपूर चाटू लागल्या. तीन पिढ्या पाहणाऱ्याला हा गुण वंशपरंपरेने चालत आलेला दिसला असता. प्रत्यक्षात तो जिभेने चालत आला होता.

यानंतरचा प्रयोग या लेखाचे खरे कारण आहे. शिकागो विद्यापीठात इन्बाल बेन-अमी बार्टाल, जीन डेसिटी आणि पेगी मेसन यांनी 2011 साली एक साधी मांडणी केली. पारदर्शक प्लॅस्टिकच्या अरुंद नळीत एक उंदीर कोंडायचा. नळीचे दार फक्त बाहेरून उघडते. बाहेर त्याच्याच पिंजऱ्यातला सोबती मोकळा ठेवायचा. कुणी शिकवलेले नसताना, काही बक्षीस नसताना, काही दिवसांत बहुतेक मोकळे उंदीर दार उघडायला शिकले. 30 पैकी 23. शेजारी दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवले तरी त्यांनी दोन्ही दारे उघडली आणि पुष्कळदा सुटून आलेल्या सोबत्याच्या वाट्याला काही तुकडे आले. हा प्रयोग जगभर गाजला. 2014 साली याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: कोंडलेला उंदीर अनोळखी असेल तर? आणि तो दुसऱ्या जातीचा असेल तर?

प्रयोगशाळेत उंदरांच्या खरोखरच्या जाती असतात. त्यांतली एक पूर्ण पांढरी. दुसरीचे डोके काळे आणि पाठीवर काळा पट्टा. पांढऱ्या उंदरांनी अनोळखी पांढऱ्यांना सोडवले. अनोळखी काळ्या-पांढऱ्यांना मात्र सोडवले नाही. चित्रफितवाले इथेच थांबले असते. शास्त्रज्ञ थांबले नाहीत. त्यांनी पांढऱ्या उंदरांना दोन आठवडे एकेका काळ्या-पांढऱ्या उंदरासोबत एका पिंजऱ्यात राहू दिले. त्यानंतर हे पांढरे उंदीर, पूर्वी कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या काळ्या-पांढऱ्या उंदरांचेही दार उघडू लागले. एका सोबत्याची ओळख साऱ्या जातीपर्यंत पोहोचली. शेवटची पायरी सर्वांत बोलकी आहे. पांढरी पिले जन्मताच काळ्या-पांढऱ्या मातेच्या कुशीत दिली गेली आणि आपल्या जातीचा एकही उंदीर न पाहता वाढली. मोठेपणी त्यांनी अनोळखी काळ्या-पांढऱ्यांना सोडवले. नळीत कोंडलेल्या पांढऱ्या उंदराला, म्हणजे ज्याच्याशी त्यांचे रक्त जुळत होते त्याला, त्यांनी सोडवले नाही.

मराठीत आंब्याला जात असते, ज्वारीला जात असते, उंदराला जात असते आणि माणसालाही जातच असते. एकच शब्द सगळीकडे वापरल्यामुळे आपल्या भाषेत बसल्या जागी एक खोटे शास्त्र तयार होते: हापूस आणि पायरी वेगळे, तसे ते आणि आपण वेगळे. उंदराची जात जैविक आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम राखलेली आहे, रंगावरून ओळखू येते. माणसाच्या जातीत यांतले काहीही नाही, आडनाव विचारावे लागते. आणि जिथे जात खरोखर जैविक आहे, तिथेही करुणा जातीच्या मागे गेली नाही. ज्याच्याबरोबर वाढली त्याच्या मागे गेली. ज्याला जातीचे निसर्गशास्त्र मांडायचे आहे त्याने या पिलांना आधी उत्तर द्यावे.

परक्याविषयी करुणा वाटत नाही तेव्हा शरीरात काय घडते, याचाही माग काढता आला आहे. मॅकगिलमध्येच जेफ्री मोगिल वेदनेचा अभ्यास करतात. 2006 साली त्यांच्या चमूने दाखवले की लहान चणीच्या उंदराला सोबत्याची वेदना पाहून स्वतःची वेदना अधिक जाणवते, अनोळखी उंदराची पाहून नाही. 2015 मध्ये त्यांनी उंदरांना ताणाच्या संप्रेरकाची निर्मिती रोखणारे मेटायरापोन हे औषध दिले, आणि अनोळखी उंदरांमध्येही वेदना एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ लागली. हाच प्रयोग माणसांवर झाला. बर्फगार पाण्यात हात बुडवलेल्या अनोळखी माणसाकडे पाहताना जी सहवेदना उमटत नव्हती, ती हे औषध घेतल्यावर उमटली. आणि औषध न देता, दोन अनोळखी माणसांनी केवळ 15 मिनिटे 'रॉक बँड' नावाचा संगीताचा व्हिडिओ खेळ एकत्र खेळला, तेव्हाही तोच परिणाम मिळाला. म्हणजे सहवेदना नव्याने पेरावी लागली नाही. परक्याच्या नुसत्या असण्याने शरीर जे ताठरते, ते सैल झाले की ती आपसूक वर आली.

आणखी एक दुवा आहे, आणि तो आपल्या इतिहासाशी थेट जाऊन भिडतो. 2020 साली जर्मनीतील व्हॅलेरी ग्रिनेविच यांच्या चमूने उंदरांच्या माद्यांच्या मेंदूतील ऑक्सिटोसिनच्या पेशी जिवंतपणी ऐकल्या. दोन माद्या मोकळेपणी एकत्र आल्या की या पेशी जाग्या होत. मध्ये जाळी ठेवली, म्हणजे एकमेकींना पाहता येईल, वास घेता येईल, आवाज ऐकता येईल, फक्त शिवता येणार नाही अशी व्यवस्था केली, की पेशींचा तो प्रतिसाद मिळेनासा होई. स्पर्श हवा होता.

हा निबंध वाचल्यावर गावकुसाची आठवण न येणारा आंबेडकरी वाचक विरळा. गावगाड्यात आपले पूर्वज शतकानुशतके इतरांबरोबर राहिले, असे म्हणतात. ते राहिले कुठे? एकमेकांना पाहत होते, आवाज ऐकत होते, मध्ये जाळी होती. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, भाकरी वरून टाकायची, पैसे दुरून ठेवायचे. व्यवहार सगळे होते, सहवास तेवढा वगळला होता. सहानुभूती कशी उपजते हे जणू कुणीतरी नीट जाणून घेतले आणि तिचा प्रत्येक दरवाजा मोजून बंद केला, इतका तो बंदोबस्त काटेकोर होता. जात जर खरोखर निसर्गाने दिली असती तर तिच्या रक्षणासाठी स्मृतिग्रंथांत एवढे नियम आणि गावात एवढे दंड का लागले असते? जे आपोआप घडते त्याला पहारेकरी लागत नाहीत.

येथे दोन आक्षेप स्वतःहून मांडणे भाग आहे. पहिला, ही जनावरे कोंडली जातात, पिले मातेपासून तोडली जातात, शेवटी बहुतेक मारली जातात. पहिले शील घेतलेल्या माणसाला हे वाचताना अस्वस्थ वाटले पाहिजे. भारतात 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर समितीची परवानगी आणि देखरेख असते, पण त्याने प्रश्न मिटत नाही. माझे मत असे की जे ज्ञान या किमतीला मिळाले आहे ते चित्रफितींच्या करमणुकीत वाया घालवणे, हा त्या जिवांवरचा दुसरा अन्याय होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उंदराला दोन आठवडे पुरले, म्हणून माणसालाही पुरतील असे समजणे भाबडेपणाचे आहे. उंदराच्या मागे ग्रंथ नाही, पंचायत नाही, लग्नाचा बाजार नाही. सहभोजने किती झाली आणि जाती किती तुटल्या, हा हिशेब बाबासाहेबांनी 1936 सालच्या 'अनाइहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडून ठेवला आहे. एका पंगतीत जेवण्याने जात मरत नाही, तिच्यामागचे धर्मशास्त्राचे अधिष्ठान काढले पाहिजे आणि आंतरजातीय विवाह झाले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते आजही पुसले गेलेले नाही. सहवास ही पुरेशी अट नाही. पण तिच्यावाचून बाकीचे काही उभे राहत नाही, एवढे उंदरांनी दाखवले आहे.

आता कुवेत. इथे सुमारे 10 लाख भारतीय आहेत आणि त्यांतला फार मोठा हिस्सा कुटुंबाविना राहतो. नागपूरला बायको, दोन मुले आणि म्हातारे आईवडील असलेला पंचेचाळिशीचा वेल्डर येथे 'बॅचलर' म्हणवला जातो. हा शब्द इतका रुळला आहे की तो स्वतःही तसेच सांगतो. कुटुंबांच्या निवासी वस्त्यांत अशा पुरुषांना घर भाड्याने देण्यावर बंधने आहेत. जानेवारी 2024 मध्ये कुटुंब आणण्यासाठी महिना 800 दिनार पगाराची अट आली, म्हणजे बहुसंख्यांसाठी दार बंदच. 12 जून 2024 रोजी मंगफमधील कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे 200 माणसे त्या इमारतीत राहत होती. 50 जण गेले, त्यांतले 45 भारतीय. आपण सर्वांनी मेणबत्त्या लावल्या, आदरांजली वाहिली. त्यांच्यापैकी किती जण कधी आपल्यापैकी कुणाच्या घरी जेवायला बसले होते, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. आता ती आहे.

कारण आपल्या समाजातही दोन कुवेत आहेत. एक साल्मियातल्या फ्लॅटमधले, मुलांच्या शाळेचे, वाढदिवसांचे. दुसरे महबूला, मंगफ, जलीबमधल्या खोल्यांचे, जिथे एका खोलीत सहा-आठ खाटा असतात. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात ही दोन्ही कुवेत एका सभागृहात येतात. पुढच्या रांगांत कुटुंबे, मागे 'बॅचलर'. खुर्च्या मांडणारे, बॅनर बांधणारे, जेवण वाढणारे हात मागच्या रांगांतले असतात, आणि छायाचित्र पुढच्या रांगांचे निघते. ही कुणा एका संस्थेची तक्रार नाही, मी स्वतः बहुतेक वेळा पुढच्या रांगेत बसलेला असतो. पाहता येते, ऐकता येते, जय भीम म्हणता येतो, आणि तरी मध्ये जाळी असते. विदर्भ, मराठवाडा, कोकण असे गट त्यात वेगळे. वधू-वरांची माहिती फिरते तेव्हा पोटजातीचा रकाना आपणच भरतो, आणि तो भरताना रक्ताचाच आधार घेतो, मग नाव संस्कारांचे देतो.

घरापासून दूर असलेल्या वडिलांविषयीही या विज्ञानाला काही सांगायचे आहे. फिलिपीन्समधील सेबू शहरात ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी 624 तरुणांचा चार-पाच वर्षे माग ठेवला. जे बाप झाले त्यांच्यातील टेस्टोस्टेरॉन उतरले, आणि जे रोज तीन तास वा अधिक वेळ मुलाचे करत त्यांच्यात ते विशेष कमी आढळले. 2011 साली हा निबंध आला. बापपण नुसत्या जन्मदाखल्यावर लिहून येत नाही, ते मुलाच्या अंगाखांद्यावर खेळण्याने शरीरात उतरते, असा त्याचा अर्थ मी लावतो. दोन वर्षांनी घरी गेल्यावर मूल परक्यासारखे आईच्या पदराआड लपते, तेव्हा येथील बाप स्वतःला दोष देतो किंवा बायकोला. दोष त्या दोघांचाही नसतो. आणि आजीने वाढवलेले नातवंड आजीचे झाले म्हणून हळहळणाऱ्यांनी मॉन्ट्रियलची पिले आठवावीत. ज्याने चाटले त्याचे पिलू.

दूरच्या माणसाला मग काय उरते? लेस्ली सेल्ट्झर यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शाळकरी मुलींना लोकांसमोर बोलण्याचा आणि गणित सोडवण्याचा ताण दिला, नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटवली, काहींना फोनवर. 2010 साली त्यांनी नोंदवले की फोनवरच्या आईच्या आवाजानेही ऑक्सिटोसिन जवळजवळ भेटीइतकेच वाढले आणि ताणाचे संप्रेरक उतरले. दोन वर्षांनी त्यांनी लेखी संदेश तपासले, तर त्यांनी असे काही घडले नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी हिरव्या खुणेच्या 'गुड मॉर्निंग' संदेशापेक्षा रात्री पाच मिनिटे केलेला फोन बरा, एवढे करायला फार पुराव्याची गरज नाही.

राहिला प्रश्न मुलांचा. आपली मुले येथील शाळांत मल्याळी, तेलुगू, गोवेकर, पाकिस्तानी, इजिप्शियन मुलांच्या बाकावर बसतात, त्यांच्या डब्यातले खातात. त्यांच्या आजोबांना शाळेत बाकाबाहेर बसवले होते. शिकागोच्या पांढऱ्या पिलांना जे मिळाले ते या मुलांना अनायासे मिळते आहे, आणि संध्याकाळी घरी आणून आपण ते किती उरू देतो हे आपल्या हातात आहे. घरात 'ती लोकं' हा शब्द किती वेळा येतो ते एक आठवडा मोजून पाहावे. आपल्या वंदनेला, भीमजयंतीला मुलांचे वर्गमित्र आईवडिलांसह येऊ शकतात. त्यांना आपल्या बापाचे नाव सांगावे, आपल्या घरचे जेवू घालावे. त्यासाठी ठराव लागत नाही.

मागच्या रांगेसाठी थोडी तजवीज मात्र करावी लागेल. ज्याला आठवड्यात एकच शुक्रवार मिळतो, त्याला त्या दिवशी कपडे धुवायचे असतात, आठवड्याचा भाजीपाला आणायचा असतो, घरी बोलायचे असते, आणि उन्हाळ्यात दुपारी बससाठी उभे राहणे हे वेगळे संकट असते. सकाळी दहाचा कार्यक्रम त्याच्यासाठी नसतो. तो संध्याकाळी ठेवता येईल. जेवण वाढण्याची पाळी कुटुंबांनी घेता येईल, म्हणजे निदान एकदा तो बसलेला असेल आणि आपण उभे. दर महिन्याला एका कुटुंबाने दोन जणांना घरी बोलवायचे ठरवले तर पत्त्यांची यादी आपल्या कार्यकर्त्यांकडे आहेच. आणि पुढच्या पौर्णिमेच्या कार्यक्रमाची सूचना काढताना पत्त्याखाली एक ओळ वाढवता येईल: महबूलाहून, मंगफहून, जलीबहून कुणाच्या गाडीत किती जागा मोकळ्या आहेत.